अंदमानची बेटं सहकुटुंब: आधी रात्री मोजा, मग ठिकाणं

अंदमानला निघालेलं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सहा दिवसांत किती बेटं होतात?" मी त्यावर विचारते, "बरोबर कोण कोण आहे?" दोघंच जाणार असाल तर कसंही जा. पण आजी-आजोबा, शाळेतली मुलं आणि सहा-सात बॅगा असा लवाजमा असेल तर बेटं मोजून सहल ठरत नाही. आम्ही पुण्याहून दोनदा गेलो. दोन्ही वेळा सहा जण होतो: सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं. दुसऱ्या वेळी मुलगी अकरा वर्षांची होती, मुलगा सहा. पहिल्या खेपेला जे चुकलं ते दुसऱ्या खेपेला सुधारलं. हे सगळं त्यातून लिहिते आहे.

रात्री मोजा

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बोटीला तास-दोन तास लागतात, म्हणून ते कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्या दिवशी सकाळी आवराआवर, नाश्ता, हॉटेल सोडणं, बोटीच्या तासभर आधी जेट्टीवर रांग, बोट, उतरल्यावर सामानाची वाट बघणं, गाडी आणि खोली मिळेपर्यंत लॉबीत बसणं. एवढं होईतो दुपारचा एक वाजतो. बेट बदललं की अर्धा दिवस गेला असं धरायचं. सहा दिवसांत चार बेटं घेतली तर सहलीचा मोठा भाग चेनी लावण्यात आणि उघडण्यात जातो.

म्हणून आम्ही सात रात्री अशा वाटल्या: पोर्ट ब्लेअरला दोन, हॅवलॉकला तीन, नीलला एक आणि परतीला पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक. सहाच रात्री असतील तर सुरुवातीची एक कमी करा, शेवटची नको. पाचच असतील आणि घरात तान्हं मूल असेल तर नील सोडून द्या, हॅवलॉकच्या रात्री तोडू नका. वयस्कर मंडळींचं मन मात्र नीलवरच जास्त रमतं. बेट सपाट, छोटं, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच किलोमीटरच्या आसपास. गर्दी कमी, आणि दुपारी सगळं बेट झोपतं.

शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच हवी, हे मी प्रत्येकाला बजावते. पहिल्या खेपेला ज्यांच्याकडून बेत आखून घेतला त्यांनी सकाळी हॅवलॉकहून बोट आणि त्याच दुपारी विमान असं बसवलं होतं. आदल्या रात्री वारा सुटला आणि सकाळी जेट्टीवर कळलं की बोट सुटणार नाही. समुद्र खवळला की बंदरातून परवानगी मिळत नाही आणि त्यात कुणाचा दोष नसतो. पण सहा जणांची दोन-दोन विमानांची तिकिटं हातात घेऊन आम्ही तिथे उभे होतो. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या नेमक्या त्याच दिवसापर्यंत पुरतील एवढ्याच आणलेल्या होत्या. बोट दुसऱ्या दिवशी मिळाली, विमानं नव्याने काढावी लागली. एका रात्रीच्या खोलीचे पैसे वाचवायला गेलो आणि त्याच्या कितीतरी पट गेले.

नावांचा गोंधळ आधीच मिटवून टाका. २०१८च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअर शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. बोटीच्या तिकिटावर नवं नाव दिसेल, गाडीवाला जुनं बोलेल. दोन्ही नावं एका कागदावर लिहून आजोबांच्या खिशात ठेवा.

कधी जायचं

पुण्यातल्या पालकांना शाळेचं वेळापत्रक सांभाळूनच जावं लागतं, तेव्हा सुट्ट्यांच्या हिशेबाने सांगते. दिवाळीची सुट्टी मोहाची असते, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मोसमी पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं यांचा काळ असतो. गेलात तर बेतात एक दिवस मोकळा ठेवून जा. नाताळात हवा छान, पण गर्दी आणि दर दोन्ही चढलेले. जानेवारी ते मार्च सगळ्यात उत्तम. शाळेत न जाणारी मुलं असतील तर फेब्रुवारी गाठाच.

आमच्यासारख्यांना उरतो उन्हाळा. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ऊन कडक असतं, पण समुद्र बहुधा शांत आणि पाणी नितळ. त्यापुढे जाऊ नका. नैऋत्य मोसमी पाऊस पुण्यात जूनमध्ये येतो, अंदमानात तो मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचलेला असतो. "मे अखेर स्वस्त मिळतंय" असं कुणी म्हणालं तर ते का स्वस्त आहे ते यावरून समजून घ्या.

विमान

पुण्याहून जाताना चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलायचं असं धरून चला. चेन्नईहून पुढचा प्रवास दोन तासांहून थोडा जास्त. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी काढली आणि पहिलं उशिरा पोचलं, तर दुसरं हुकल्याचा भुर्दंड तुमच्या माथी. मधे निदान अडीच तास राहू द्या, पण थोडे पैसे वाचतात म्हणून रात्र विमानतळावरच्या खुर्चीत काढायची योजना सत्तरीतल्या माणसांसाठी करू नका. सहलीचे पहिले दोन दिवस तो थकवा पुरतो.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा. "मी काय पांगळा आहे का," असं आमच्या सासऱ्यांनी विचारलं होतं. चेन्नईतल्या लांबच लांब चालण्यानंतर परतीच्या वेळी त्यांनी स्वतःच आठवण केली. जाताना शक्य असेल तर मुलांना खिडकी द्या. उतरण्याआधी हिरवी बेटं आणि त्यांच्या कडेने फिकट निळ्या पाण्याची झालर दिसायला लागते.

बोट

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून सांगते.

बोटी दोन प्रकारच्या. सरकारी बोट स्वस्त, संथ आणि स्थानिकांची रोजची. तिची तिकिटं फार आधी हातात येत नाहीत. खासगी वेगवान बोटी वातानुकूलित असतात, तिकीट माणशी हजार-दीड हजारांच्या घरात सुरू होतं आणि महिना-दोन महिने आधी काढता येतं. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक त्या साधारण दीड-दोन तासांत नेतात. हॅवलॉक ते नील आणि नील ते पोर्ट ब्लेअर याहून कमी वेळात होतं. म्हणून पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, पोर्ट ब्लेअर असा त्रिकोण करायचा, आलेल्या वाटेने परत जायचं नाही. कुटुंब असेल तर खासगी घ्या. विमान पक्कं झालं की त्याच संध्याकाळी बोटी पक्क्या करा आणि मगच हॉटेलं. बहुतेक जण हे उलटं करतात आणि मग बोटीची वेळ हॉटेलशी जुळत नाही.

वेळ सकाळचीच निवडा. दिवस वर आला की वारा वाढतो आणि पाणी हलायला लागतं. तिकिटावरचं नाव ओळखपत्राप्रमाणे अक्षरशः तेच हवं, मुलांचंही. मूळ आधार कार्डं एका पाकिटात आणि त्याच्या छापील प्रती दुसऱ्या बॅगेत.

आता बोट लागण्याविषयी. घाटात गाडी लागणाऱ्या माणसाला बोट लागणार हे गृहीत धरा. वरंधा किंवा ताम्हिणीत ज्याचं तोंड कडू होतं तो इथे सुटत नाही. बहुतेक वेगवान बोटींत बाहेरच्या डेकवर जाता येत नाही, म्हणून जागा महत्त्वाची: खालचा मजला, मधली किंवा मागची रांग. पुढच्या रांगेतून समुद्र छान दिसतो, पण झोकेही तिथेच जास्त बसतात. गोळी कोणती आणि किती हे पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, मुलांसाठी आणि रक्तदाबाची औषधं चालू असलेल्यांसाठी तर नक्कीच. ती निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. पोटात ढवळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. उपाशीपोटी बसू नका आणि पुरी-भाजी खाऊनही बसू नका. दोन इडल्या किंवा खाकरा पुरतो.

आमच्या मुलाने पहिल्या बोटीत मोबाईलवर खेळ उघडला. वीस मिनिटांत तो गप्प झाला, ओठ पांढरे पडले आणि कपाळावर घाम. पिशवी हातात होती म्हणून बरं. सासूबाईंनी पर्समधून आलेपाक काढला, त्याची मान सरळ करून खिडकीबाहेर लांबवरच्या रेषेकडे बघायला लावलं आणि "त्या रेषेवर बोट दिसली की मला सांग," म्हणाल्या. हॅवलॉक येईपर्यंत तो बोट शोधत राहिला आणि पुन्हा ओकला नाही. लांबवरची स्थिर रेषा दिसली की डोळे आणि आतला कान यांची फारकत होत नाही, हे त्यातलं शास्त्र. तेव्हापासून बोटीत मोबाईल बंद, आलेपाक चालू. आणि शाल हवीच. आतला एसी असा जोरात असतो की बाहेर ३२ अंश असताना मुलं कुडकुडतात.

मोठ्या बॅगा बोटीवर वेगळ्या ठेवतात. औषधं, एक-एक कपड्यांचा जोड, पाणी आणि कागदपत्रं यांची एक पिशवी सतत जवळ असू द्या.

दिवस कसे लावायचे

पहिला दिवस सेल्युलर जेलचा. दुपारी थोडी झोप काढा, मग जेल आणि संध्याकाळी तिथलाच ध्वनिप्रकाश कार्यक्रम. त्याची तिकिटं आणि भाषेची वेळ आधी बघून ठेवा, बंदचे वारही.

मराठी माणसाने इथे घाई करू नये. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात बाह्या होत्या, आता तीन उरल्या आहेत. कोठड्या अशा बांधल्या होत्या की एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीचा दरवाजा दिसू नये. निघण्याआधीच्या रविवारी आम्ही मुलांना फर्ग्युसन रस्त्यावर नेलं होतं आणि सावरकर इथे शिकायला होते, वसतिगृहात राहायचे, एवढंच सांगितलं होतं. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी करणारा तो विद्यार्थी १९११च्या जुलैत पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन अंदमानात आला, हे मुलीला जेलच्या फाटकात सांगितलं. त्यांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिने चढावे लागतात, तेव्हा गुडघेदुखी असलेल्यांनी सावकाश, कठड्याला धरून जावं.

सासऱ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि आत गेले. मागच्या भिंतीपाशी जाऊन वळले आणि टाचेला अंगठा लावत दारापर्यंत पावलं मोजली. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद. उजेड येतो तो मागच्या भिंतीत, छताजवळच्या झरोक्यातून. उभं राहून बाहेरचं काही दिसत नाही. मुलगी म्हणाली, "समुद्राचा आवाज येतोय, पण दिसत नाही." खाली अंगणात कोलूची, म्हणजे तेलाच्या घाण्याची, प्रतिकृती आहे. तिच्यासमोर उभं राहून माणसाला बैलाच्या जागी जुंपणं म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगायला वेळ ठेवा.

दुसरा दिवस हलका. सकाळी रॉस बेट: पडक्या ब्रिटिश इमारती, त्यांना विळखा घातलेली झाडांची मुळं, मोकळी हरणं आणि मोर. आजी-आजोबांना फिरवायला बॅटरीच्या गाड्या असतात. नॉर्थ बेही त्याच फेरीत विकतात. जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागे तिथलं दीपगृह आहे, मुलांना नोट दाखवून ओळखायला लावा. पाण्यातले खेळ मात्र तिथे करू नका, ते हॅवलॉकसाठी राखा.

तिसऱ्या दिवशी हॅवलॉक. पोचल्या दिवशी कुठेही पळू नका. समुद्राकाठचं हॉटेल घेतलं असेल तर त्याच्या पुढ्यातच बसा. हॅवलॉकची बरीच हॉटेलं विजयनगर आणि गोविंदनगरच्या बाजूला, पूर्व किनाऱ्यावर आहेत. तिथे ओहोटीला पाणी लांब जातं आणि दगड उघडे पडतात, तेव्हा फोटोतला निळा समुद्र चोवीस तास दारात असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पोहायचा किनारा राधानगरचा, तो पश्चिमेला, जेट्टीपासून बारा किलोमीटरच्या आसपास.

राधानगरला दुपारी साडेतीनपर्यंत पोचा. अंदमान आपल्यापेक्षा सुमारे १९ रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. पुण्यात मे महिन्यात सात वाजता मावळणारा सूर्य इथे पावणेसहाच्या आतच बुडतो, डिसेंबरात तर पाचच्या सुमाराला. पहिल्या खेपेला आम्ही पुणेरी हिशेबाने चहा घेऊन निवांत निघालो आणि वाटेतच अंधारलं. तेवढ्याच लवकर उजाडतंही, मेमध्ये पहाटे पाचला. जेवणं, झोपा सगळं तासभर अलीकडे ओढा. मुलं दोन दिवसांत सरावतात.

राधानगरची वाळू मऊ, उतार सौम्य. पोहायचा भाग आखलेला असतो, तिथेच उतरा. जीवरक्षकाची शिट्टी वाजली की बाहेर, वाद नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात खरोखर आहेत. खाड्या, ओढ्यांची तोंडं आणि खारफुटी ही त्यांची जागा. किनाऱ्याच्या कडेला जिथे ओढा समुद्राला मिळतो तिथे सूचनेचा फलक असेल तर फोटोसाठीही पाण्यात पाय घालू नका. अंधार पडल्यावर तर नाहीच.

चौथा दिवस एलिफंट बीचचा, म्हणजे पाण्याखालचं जग बघायचा. जेट्टीवरून छोट्या बोटी जातात, हवा बिघडली की बंद होतात. म्हणून हे काम हॅवलॉकच्या शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

पाचव्या दिवशी कालापत्थरचा किनारा किंवा पुन्हा राधानगर. सहाव्याला नील: दुपारी भरतपूरचा किनारा, संध्याकाळी लक्ष्मणपूरचा. सातव्या सकाळी उजाडता सीतापूरचा किनारा आणि मग बोट.

पाण्यात उतरताना

स्नॉर्कलिंगची, म्हणजे मुखवटा आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघण्याची, खरी तयारी पुण्यात करायची असते. मुलांच्या मापाचा मुखवटा आणि नळी घ्या आणि जवळच्या पोहण्याच्या तलावावर दोन-तीन रविवार घालवा. तोंडाने श्वास घेणं, नळीत पाणी गेलं तर फुंकून काढणं, मुखवट्यात पाणी आलं तरी न घाबरणं एवढं छातीइतक्या पाण्यात जमलं की समुद्रात मूल निवांत तरंगतं. भाड्याचे मुखवटे मोठ्यांच्या मापाचे असतात, मुलांच्या गालांपाशी गळतात आणि नाकात खारं पाणी गेलं की मूल परत पाण्यात जायला तयार होत नाही. पट्ट्याखाली केस अडकू देऊ नका. मिशी असलेल्यांनी ओठाच्या वर थोडं व्हॅसलिन लावावं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्याने विसळायची. मुलांना किळस येते, पण उपाय रामबाण आहे. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट काढायचं नाही.

प्रवाळावर उभं राहू नका. ते दगडासारखं दिसतं, पण जिवंत असतं आणि फार सावकाश वाढतं. शिवाय त्याने पाय कापला तर जखम लवकर भरत नाही. तळाला पाय लागेल अशा उथळ जागी उभं राहण्याऐवजी आडवं तरंगा.

ज्यांना पाण्यात जायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहे. सासूबाई "मला नको बाई" म्हणत बसल्या आणि पाचच मिनिटांत काचेवर वाकून गेल्या. मोरपंखी अंगाचा, गुलाबी कडांचा एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्या पैठणीचा काठ आहे हा." घरी आल्यावर कपाट उघडून त्यांनी ती पैठणी मुलांना दाखवली आणि रंग खरंच जुळला.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, दहा वर्षांच्या खाली करू देत नाहीत. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर अर्जात लपवू नका. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी राहू द्या, कानातला दाब जुळत नाही. स्कूबा आणि विमान यांत निदान १८ तासांचं अंतर लागतं, मी पूर्ण दिवस धरते. हॅवलॉकला केलंत की हे आपोआप सांभाळलं जातं.

भरती-ओहोटी न बघता बेत करू नका. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतपूर आणि कालापत्थरला उलट भरतीच्या आसपास पोहायला बरं, नाहीतर गुडघाभर पाण्यात दगडच टोचतात. कोकणात आजोळ असलेल्यांना तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची सवय असते. तो हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, इथे चालत नाही. पण उधाण आणि भांग इथेही तेच. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला पाणी सगळ्यात जास्त आत येतं आणि सगळ्यात लांब जातं, अष्टमीच्या सुमाराला दोन्ही कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून जा, रोजच्या वेळा हॉटेलच्या माणसाला विचारा. वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, तेव्हा एक दिवस कळला की पुढचे तुम्हीच काढाल.

पुलापर्यंतची वाट ओल्या, शेवाळलेल्या दगडांवरून आहे. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. गुडघे बरे नसतील तर अलीकडेच झाडाखाली बसा, नारळपाणीवाला असतोच. डबक्यांत समुद्रकाकड्या आणि काटेरी साळूसारखे जीव दिसतात. मुलांना फक्त बघायला शिकवा. आमच्या मुलाला तिथला वाटाड्या प्रत्येक डबक्यापाशी थांबवून दाखवत होता. त्याच्या मते सगळ्या सहलीतला तोच तास सगळ्यात भारी होता.

बारातांग सोडा

हे माझं ठाम मत आहे. बारातांग बेटावरच्या गुहांसाठी मध्यरात्रीनंतर उठून निघावं लागतं, जाणं-येणं धरून पूर्ण दिवस जातो. वयस्कर माणसं आणि मुलं यांना ते झेपत नाही. आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्याने सोडतात, थांबायला, फोटो काढायला, काही खायला द्यायला कायद्याने बंदी आहे. तरीही काही जण "दिसतील का?" असं विचारत निघतात. आपल्या मुलांनी माणसं बघायला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बॅगेत काय

लांब बाह्यांचे पोहण्याचे कपडे आधी घ्या. सगळ्यांसाठी, आजोबांसकट. पाठ भाजली की दोन रात्री झोप नाही. रुंद काठाची टोपी, सनस्क्रीन, ओआरएस, जखमेचं मलम, खाज थांबवणारी गोळी. ही गोळी वाळूतल्या बारीक माश्यांसाठी. संध्याकाळी ओल्या वाळूवर पाय उघडे टाकून बसलात की त्या चावतात. चावलेलं खाजवलं की आठवडाभर चिघळतं, म्हणून बसायला चटई घ्या आणि पायांना खोबरेल चोपडा. नेहमीची औषधं दिवसांच्या दुप्पट, दोन बॅगांत विभागून. मोठं इस्पितळ पोर्ट ब्लेअरलाच आहे, बाकी बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांच्या डॉक्टरांशी हे स्पष्ट बोलून घ्या.

खायची चिंता करू नका. हॅवलॉक-नीलच्या वस्त्या पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवल्या, त्यामुळे भात, डाळ आणि मासे सगळीकडे, इडली-डोसाही मिळतो. भाजीपाला बराचसा जहाजाने येतो, म्हणून शाकाहारी थाळी काही वेळा माशांच्या थाळीइतकीच महाग. सासूबाईंसाठी मेतकूट आणि तुपाची छोटी बरणी नेली, गरम भात कुठेही मिळाला. बाकरवडी आणि लाडू बोटीच्या वाटेवर कामी आले.

रोख जवळ ठेवा. हॅवलॉक-नीलला एटीएम मोजकी आणि नेट गेलं की मोबाईलने पैसे देता येत नाहीत. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट सुधारलं, पण लहान बेटांवर भरवसा नको. घरातल्या निदान दोघांचे फोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असावेत. तिकिटं, हॉटेलची पत्रं, सगळं कागदावर.

निघताना

शेवटच्या रात्री पोर्ट ब्लेअरला बॅगा भरताना मुलांचे खिसे, चपला, पाण्याच्या बाटल्या, टोपीची अस्तरं सगळं उलटं करून झटका. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ किंवा शंख-शिंपले नेणं हा गुन्हा आहे, प्रवाळ तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. विमानतळावर बॅगा यंत्रातून जातात आणि सापडलं की काढून घेतात, चौकशी होते ती वेगळी. दुकानातून परवान्याची वस्तू घेतलीत तर पावती बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

आम्ही हे नीलच्या शेवटच्या सकाळी, सीतापूरच्या वाळूवरच उरकलं. मुलाने दोन्ही खिसे रिकामे केले. नऊ शंख निघाले. त्याने ते पाण्याच्या रेषेपाशी ओळीने मांडले, सगळ्यात मोठा आधी. आम्ही सँडलमधली वाळू झटकत असताना त्याने हाक मारली. ओळीतला तिसरा शंख हलला होता. थोडा वेळ थांबून त्यातून पाय बाहेर आले आणि तो शंख आपल्या घरासकट पाण्याकडे चालायला लागला.